पात्र

दर गुरुवारी सकाळी साडेआठला
लीड्सच्या इस्पितळात, चौथ्या मजल्यावर,
बारा माणसं लांब टेबलाभोवती बसतात
आणि एक यकृत आहे असं धरून चालतात.
यकृत तिथे नसतं. ते अजून कुणाच्या तरी पोटात
सायकलवरून कामाला चाललेलं असतं.

मी इतिवृत्त लिहिते. त्याआधी घरोघर जाऊन फॉर्म भरते.
सोबतीला कोण? गाडी कोण चालवेल?
शेवटचा घोट कधी?
इंग्रजीत ते ‘सूटेबल’ म्हणतात, मापाच्या कोटासारखं.
मी मनात लिहिते, पात्र.
आमच्याकडे नदीलाही पात्र असतं,
पूर आला की ते तिलाच पुरत नाही.

क्लाइव्ह सग्डेन, वय चोपन्न, वेकफील्डच्या बाहेर.
रुबार्बच्या शेडमध्ये जन्म गेला.
ती आंबट देठं अंधारात वाढवतात,
मेणबत्तीच्या उजेडात खुडतात,
बाहेरचा उजेड लागला तर चव जाते म्हणे.
डोळे हळदीच्या पाण्यासारखे.
सोबतीला कोण, विचारलं.
म्हणाला, “कुत्री आहे.”
आणि मुलगी?
“ब्रिस्टलला. तिला विचारू नका. तिचं बरोबर आहे.”
पाणी प्यायला उठले तर सिंकखाली, फिनाइलच्या मागे,
बाटली. अर्धी. बुचावर धूळ.
धूळ किती महिन्यांची
हा रकाना फॉर्ममध्ये नाही.

माझी आई चाळीसगावला
जुन्या साड्यांवर बोहारणीकडून पातेली घ्यायची.
प्रत्येक पातेलं उन्हाकडे धरून
आत डोळा घालून भोक शोधायची.
बोहारीण काय कमी, ती घडी मोडून
जरीखालची वीण बघायची.
दोघी एकमेकींची वस्तू नापास करत बसायच्या,
त्यात दुपार जायची, चहाही व्हायचा.
दान सत्पात्री असावं, असं आई एरवी म्हणायची.
बोहारणीसमोर कधी म्हणाली नाही.

त्या गुरुवारी क्लाइव्हच्या आधी
ब्रिजेट अ‍ॅक्रॉइडचं नाव निघालं.
शाळेत भूगोल शिकवायची, वय सदतीस,
दारू कधी थेंबभर नाही.
तिच्या बाजूनं कुणाला बोलावंच लागलं नाही.
क्लाइव्हला पाऊण तास लागला.
डॉक्टर ओयेलारन म्हणाले, “आपण यकृत वाटतो. बक्षिसं नाही.”
कुणीतरी म्हणालं, “देणाऱ्याच्या आईला हे सांगाल?”
बिस्किटांची बशी उगाच इकडून तिकडे सरकली.
मग सगळे माझ्याकडे वळले. घरी काही आढळलं?

मी म्हणाले, कुत्री आढळली.

हसले सगळे.
त्या हसण्यात तो यादीत चढला.

मार्चमध्ये रात्री दोनला त्याला फोन गेला.
रक्तगट जुळला, बांधा जुळला.
ब्रिजेटला ते यकृत मोठं पडलं असतं.
मे महिन्यात ती गेली, वाट पाहताना.
एकाचा दुसरीशी संबंध नाही,
हे मला दोनदा समजावून सांगण्यात आलं.
तरी मी तारखा शेजारी शेजारी मांडून बघते.

क्लाइव्ह जगला. त्यानं इस्पितळाला एकच पत्र पाठवलं,
पार्किंगच्या दंडाबद्दल, दोन पानी.
देणाऱ्याच्या घरी लिही, म्हटलं,
तर म्हणाला, “काय लिहू? पोचलं म्हणून?”
परवा मात्र खालच्या काउंटरवर
माझ्या नावानं वर्तमानपत्रात गुंडाळलेली
गुलाबी देठांची जुडी.
वर पेन्सिलीनं, पानं खाऊ नकोस, विषारी असतात.

संध्याकाळी गूळ घालून शिजत ठेवली.
पातेलं आईचंच, त्याच सौद्यातलं,
निळ्या काठाच्या इरकलीवर मिळालेलं.
धुताना एकदा खिडकीकडे धरलं,
एक डोळा मिटून आत पाहिलं.

बाहेर ऊन नव्हतं.